आजची टिकाऊ कमाई आणि शेअरची किंमत

(मानकोली, ता. भिवंडी येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय शेअरबाजाराचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, हे जरा विचित्र वाटेल. पण 'मूल्य' हा शब्द आमच्या विषयातला. किंमत आणि मूल्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवत आलो. बाजारात मात्र हा फरक विसरला तर खिशाला भोक पडतं.

हा विषय इथे, मानकोलीत मांडण्याला एक कारण आहे. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना जिथे भातशेती होती तिथे आज गोदामं उभी आहेत. जमिनी गेल्या, पैसे आले. काहींनी घर बांधलं, काहींनी गाळे घेतले, आणि पुढच्या पिढीतल्या अनेकांनी मोबाइलवर डिमॅट खातं उघडलं. शेत एकदाच विकता येतं. त्या पैशातून शेअर घेताना जो चुकतो, त्याला परत विकायला दुसरं शेत नसतं. म्हणून एकच प्रश्न आज नीट सोडवू: समोरच्या कंपनीच्या शेअरला किती पैसे द्यावेत, हे ठरवायचं कसं?

गाळ्याचं गणित

याचं उत्तर तुम्हाला अर्धं माहीत आहे. गोदामाचा गाळा विकत घेताना तुम्ही काय विचारता? भाडं किती येतं? समजा, महिना एक लाख. म्हणजे वर्षाला बारा लाख. पण जुना भाडेकरू गेला की नवा येईपर्यंत गाळा रिकामा राहतो, पत्रे बदलावे लागतात, घरपट्टी भरावी लागते. हे सगळं वजा जाता सरासरीनं नऊ लाख हातात राहतात. आता तुम्ही म्हणता, 'माझ्या पैशावर मला वर्षाला बारा टक्के सुटायला हवेत.' मग नऊ लाखांना बारा टक्क्यांनी भागा. पंचाहत्तर लाख आले. नऊ टक्क्यांवर समाधान असेल तर तोच गाळा एक कोटीचा.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. पुढच्या वर्षी भाडं दुप्पट होईल, असं आपण कुठेही धरलेलं नाही. आज जे येतंय ते असंच येत राहिलं तर काय, एवढंच विचारलं. कंपनीच्या बाबतीत या पद्धतीला 'अर्निंग्ज पॉवर व्हॅल्यू' म्हणतात. आपण तिला कमाई-क्षमतेचं मूल्य म्हणू. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ साली 'सिक्युरिटी अॅनालिसिस' हा ग्रंथ लिहिला. एका वर्षाच्या नफ्यावर भाळू नका, अनेक वर्षांची सरासरी बघा, हा त्यांचा आग्रह होता. पुढे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक ब्रूस ग्रीनवाल्ड यांनी ही पद्धत पायरीपायरीनं मांडली.

नफ्यातून टिकाऊ कमाई कशी काढायची

आता एक काल्पनिक कंपनी घेऊ. कापडावर प्रक्रिया करणारी. विक्री २०० कोटी, एक कोटी शेअर, बाजारात शेअरचा भाव १८० रुपये. यंदा व्याज आणि कर जाण्याआधीचा धंद्यातला नफा ३० कोटी. शिवाय जुनी जमीन विकून ६ कोटी मिळाले. कर्ज ३० कोटी आहे, त्यावर व्याज ३ कोटी. ३० आणि ६ मिळून ३६, त्यातून व्याज गेलं, ३३ उरले. पंचवीस टक्के कर धरला तर निव्वळ नफा पावणेपंचवीस कोटी, म्हणजे शेअरमागे पावणेपंचवीस रुपये. मग कुणीतरी सांगतो, 'अरे, पी-ई जेमतेम सात आहे, डोळे झाकून घे!'

आपण डोळे उघडे ठेवून घेऊ.

पहिली गोष्ट, जमीन विकून आलेले ६ कोटी बाजूला काढा. ती जमीन पुढच्या वर्षी पुन्हा विकता येणार नाही.

दुसरी गोष्ट, यंदा कापडात तेजी होती. शंभर रुपयांच्या विक्रीवर पंधरा रुपये सुटले. पण गेल्या सात-आठ वर्षांची तेजी-मंदी मिळून सरासरी काढली तर दहाच सुटतात. तेव्हा २०० कोटींच्या विक्रीवर २० कोटी धरायचे, ३० नाही.

तिसरी गोष्ट, कंपनी तिच्या सादरीकरणात दरवर्षी एक 'अपवादात्मक खर्च' बाजूला दाखवते. कधी यंत्र मोडीत काढलं, कधी बुडीत येणी. दरवर्षी येतो तो अपवाद कसला? सरासरी २ कोटी वजा करा. राहिले १८.

चौथी गोष्ट, घसारा. हिशेबात घसारा ८ कोटी लावलाय. पण कारखाना आहे त्याच स्थितीत चालू ठेवायला प्रत्यक्षात वर्षाला १० कोटी लागतात, कारण नवी यंत्रं महाग झाली आहेत. आणखी २ कोटी गेले. राहिले १६. कुठे याच्या उलटही होतं, कागदावरचा घसारा खऱ्या खर्चापेक्षा जास्त असतो. मग ती रक्कम परत मिळवायची. प्रामाणिकपणा दोन्ही बाजूंनी हवा.

पाचवी गोष्ट, कर. सोळावर पंचवीस टक्के म्हणजे ४ कोटी. उरले १२ कोटी. ही झाली टिकाऊ कमाई.

आता दर. या धंद्यात पैसे अडकवणाऱ्याला बारा टक्के हवेत असं धरू. १२ कोटी भागिले बारा टक्के, म्हणजे १०० कोटी. हे अख्ख्या धंद्याचं मूल्य. त्यातून ३० कोटी कर्ज वजा करा, गरजेपेक्षा जास्तीची १० कोटी रोकड आहे ती मिळवा. राहिले ८० कोटी. शेअरमागे ८० रुपये. बाजारभाव १८०. जो शेअर स्वस्त म्हणून सांगितला जात होता, तो दुपटीहून महाग निघाला.

दराबद्दल हट्ट धरू नका. दहा टक्के धरले तर शेअरचं मूल्य १०० येतं, पंधरा धरले तर ६०. तेव्हा उत्तर हा एक आकडा नाही, साठ ते शंभर असा पट्टा आहे. पण १८० या पट्ट्यात कुठेच बसत नाही, आणि निर्णयाला तेवढं पुरतं.

आता खरं उदाहरण. बॉम्बे डाइंग ही १८७९ सालची कंपनी. २०२३ मध्ये तिनं वरळीची सुमारे बावीस एकर जमीन सुमारे ५,२०० कोटी रुपयांना विकण्याचा व्यवहार जाहीर केला. त्या वर्षीचा नफा अर्थातच प्रचंड फुगला. तो नफा खरा होता, पैसे खरे आले, कर्जाचं ओझं उतरवायला ते उपयोगीही होते. पण त्याला वर्षाची कमाई समजून कुणी पी-ई काढला असता तर शेअर हास्यास्पद स्वस्त दिसला असता. तो पैसा ताळेबंदात मोजायचा, कमाईत मोजायचा नाही. मानकोलीकरांना हे वेगळं सांगायला नको. जमिनीचा मोबदला मिळाला त्या वर्षाला तुम्ही 'माझं वार्षिक उत्पन्न' म्हणत नाही.

धूर आणि ओलं लाकूड

इथे आमच्या न्यायदर्शनाची मदत होते. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे अनुमान चालतं. पण उलटं, 'जिथे अग्नी तिथे धूर', हे चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं इंधन लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात.

'ही कंपनी दहा वर्षं कमावतेय, म्हणून पुढेही कमावेल' हेही अनुमानच आहे. त्यामागची उपाधी शोधायला हवी. कमाई कुठल्या ओल्या लाकडामुळे येतेय? एखादी सरकारी सवलत? आयातीवरचं बंधन? एकच मोठा ग्राहक?

आपलंच उदाहरण घ्या. इथे गोदामं वाढली त्याचं एक मोठं कारण जकात होतं. माल मुंबईच्या हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. सगळी कमाई जकातीच्या जोरावर असती तर इथले गाळे ओस पडले असते. तसं झालं नाही. मुंबईसारखी बाजारपेठ शेजारी, महामार्ग दाराशी, उरणच्या बंदराकडे जाणारा रस्ता, आणि नंतर ऑनलाइन खरेदीचा माल. म्हणजे एक उपाधी गेली, तरी बाकीची कारणं टिकली. पण २०१६ साली गाळा घेणाऱ्यानं हा प्रश्न विचारायलाच हवा होता. आकडेमोड कॅलक्युलेटर करतो. उपाधी आपल्याला शोधावी लागते, आणि खरं काम तेच आहे.

वाढीला किती पैसे द्यायचे?

तुम्ही म्हणाल, 'सर, कंपनी वाढणार आहे, त्याचं काय?' यासाठी दुसरा एक आकडा काढायचा: हाच धंदा आज कुणी नव्यानं उभा केला तर किती खर्च येईल? जमीन, यंत्रं, माल, माणसं जमवणं, नाव मिळवणं, सगळं धरून. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

समजा, उभारणीचा खर्चही १०० कोटी आणि कमाईवरून आलेलं मूल्यही १०० कोटी. म्हणजे कंपनीकडे वेगळी अशी काही ताकद नाही. तिनं आणखी ५० कोटी घालून वाढ केली, त्यावर बारा टक्के म्हणजे ६ कोटी मिळवले, तर त्या ६ कोटींचं मूल्य पुन्हा ५० कोटीच. पन्नास घातले, पन्नास झाले. धंदा मोठा दिसतो, भागधारक तिथेच. भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला हे ठाऊक आहे. चार पैसे सुटले की तो चार माग वाढवतो, शेजारीही वाढवतो, ग्रे कापड बाजारात जास्त येतं आणि मजुरीचा दर खाली येतो. माग वाढले, कमाई नाही.

कमाईचं मूल्य उभारणीच्या खर्चापेक्षा बरंच जास्त असेल, तर काहीतरी आहे जे शेजाऱ्याला पैसे टाकूनही मिळत नाही. ग्राहकाची सवय असेल, मोक्याची जागा असेल, मोठ्या पसाऱ्यामुळे कमी पडणारा खर्च असेल. अशाच ठिकाणी वाढीला मोल आहे, तेही ती ताकद टिकेल तोवर.

आणि कमाईचं मूल्य उभारणीच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर मालमत्ता चुकीच्या कामात अडकली आहे. गिरणगाव आठवा. १९८२ च्या संपानंतर कित्येक गिरण्यांची कापडातली कमाई शून्याजवळ होती आणि पायाखालची जमीन सोन्याची. पण त्या जमिनीचा पैसा मोकळा व्हायला किती वर्षं गेली, आणि तो कुणाला मिळाला, कामगाराला काय मिळालं, हे आपण पाहिलंय. लहान भागधारकानं नुसत्या जमिनीकडे बघून शेअर घेताना हा काळ मोजायला हवा.

अमळनेरचा आक्षेप

या पद्धतीवर सर्वांत मोठा आक्षेप आपल्या महाराष्ट्रातूनच येतो. जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर हे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना १९१६ साली स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरामुळे माहीत. त्याच गावात १९४५ च्या डिसेंबरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली. १९६६ साली संस्थापकांचं निधन झालं आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण सोडून कारभार बघायला आले. ऐंशीच्या दशकात ती कंपनी संगणकात शिरली. तीच विप्रो.

सत्तरच्या दशकात आपल्या पद्धतीनं कुणी मूल्य काढलं असतं तर त्यात तेल, तूप, साबण दिसलं असतं. संगणक दिसला नसता. मग पद्धत चुकली का? मला तसं वाटत नाही. अॅरिस्टॉटलनं 'जे आहे' आणि 'जे होऊ शकतं' यांत भेद केला. आपली पद्धत 'जे आहे' त्याचे पैसे द्यायला सांगते. ज्यानं तुपाच्या भावात शेअर घेऊन ठेवला, त्याला संगणक वर मिळाला. पण त्या काळात तेल-तुपाच्या इतरही कंपन्या होत्या, ज्यांची विप्रो झाली नाही. प्रत्येकीला 'ही उद्याची विप्रो' म्हणून चढा भाव देणाऱ्याचं काय झालं असतं, याचा हिशेब कुणी सांगत नाही, कारण हरलेल्यांच्या गोष्टी होत नाहीत.

श्रोत्यांचे प्रश्न

*ही पद्धत सगळ्या कंपन्यांना लागू पडते का?*

नाही. जिचा अजून नफाच सुरू झालेला नाही, अशा नव्या कंपनीला लागू पडत नाही. तिथे 'टिकाऊ कमाई' म्हणून धरायला काही नसतं. बँकांचंही गणित वेगळं, कारण कर्ज हा त्यांचा कच्चा माल. निदान पाच-सात वर्षांचा, एक तेजी आणि एक मंदी पाहिलेला इतिहास हवा.

*मूल्य शंभर आलं, तर शंभरला घ्यायचा?*

आपण पायरीपायरीला अंदाज केलेत. सरासरी अंदाजानं, घसारा अंदाजानं, दर अंदाजानं. म्हणून बरीच जागा सोडा. शंभरचं सत्तरला मिळालं तर विचार करा, नाहीतर थांबा. ग्रॅहम यालाच सुरक्षिततेची जागा म्हणतो.

*आमच्याकडे एवढा वेळ नसतो, सर.*

मग शेअर स्वतः निवडू नका. म्युच्युअल फंड, मुदत ठेव, यांत कमीपणा नाही. पण गाळा घेताना चार वेळा जाऊन बघता, पावसात पत्रा गळतो का तेही बघता. कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. दहा वर्षांचे अहवाल उघडा, विक्री आणि नफा एका वहीत लिहा, आणि वहीच्या खाली एक प्रश्न लिहा: ही कमाई कशामुळे येतेय? त्याचं उत्तर साध्या मराठीत दोन ओळींत लिहिता आलं नाही, तर तो शेअर तुमच्यासाठी नाही.