रमाबाईंचं बायबल

‘इव्हँजेलिकल’ म्हटलं की आज अमेरिकेतला सनातनी मतदार डोळ्यांपुढे येतो. या पंथाचा मूळ आग्रह मात्र साधा आहे: बायबल हाच शेवटचा आधार, आणि विश्वास जन्मानं मिळत नाही, ज्याचा त्यानं तो अनुभवावा लागतो. यातून पुरोगामी राजकारण निघू शकतं का? त्यासाठी अमेरिका गाठायला नको. आपल्या वरळी कोळीवाड्यातून चौपाटीपर्यंत गेलं तरी पुरे. तिथे ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजला ख्रिस्ती झाल्या. बाई गोऱ्यांच्या झाल्या, असं इथे म्हटलं गेलं. त्यांची पत्रं वाचा! अथनेशियसचा मतांगीकार त्यांना पटत नव्हता, त्रैक्याबद्दल शंका होत्या. क्रुसावर लॅटिनच का, संस्कृत का नको, असं त्या सिस्टर जेराल्डिनना विचारतात. त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असं बिशपांचं मत पडलं. तेही त्यांनी मुकाट्यानं ऐकलं नाही. शास्त्र स्वतः वाचायचं ठरवलं की मध्ये पुरोहित कशाला, मग तो काशीचा असो की कँटरबरीचा?

१८९१ च्या सुमारास त्यांची श्रद्धा पक्की इव्हँजेलिकल झाली. आणि काम आक्रसलं नाही, उलट पसरलं. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांचं होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, त्यात शेतकऱ्यांच्या, खालच्या मानलेल्या जातींच्याही होत्या. त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. १८९७ मध्येच पुण्याच्या प्लेग रुग्णालयात बायकांना कसं वागवतात, यावर त्यांनी वर्तमानपत्रातून सरकारला जाब विचारला.

याला दुसरी बाजू आहे, ती झाकू नये. शारदा सदन धर्माबाबत तटस्थ राहील, असं आश्वासन होतं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. ‘केसरी’ची भाषा विखारी होती, पण प्रश्न खोटा नव्हता. आसरा देणाऱ्या बाईंच्या प्रार्थनेला नाही म्हणणं निराधार पोरीला कितपत जमणार? माझ्या मते याचं पुरेसं उत्तर रमाबाईंकडे नव्हतं.

पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल नव्यानं उतरवलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. तो छापला मुक्तीच्याच छापखान्यात, आणि खिळे जुळवणाऱ्या होत्या तिथल्याच बायका.