आजोबांचं घर: पाडायचं की वाढवायचं?

आमचं गावचं घर दुरुस्तीला काढलंय असं मागच्या भागात मी सहज बोलून गेले, तर बऱ्याच जणांनी पुढचं विचारलं. म्हणून आज तेच.

रत्नागिरीजवळचं हे घर आजोबांनी 1956 साली बांधलं. जांभ्याचे चिरे, चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. आता आजीचे गुडघे गेलेत. रात्री पायऱ्या उतरून परसातल्या संडासात जाणं तिला जमत नाही. म्हणजे तिच्यासाठी एक खोली आणि लागून बाथरूम हवंच होतं. पहिला ठेकेदार म्हणाला, "पाडा सगळं, स्लॅबचं बांधू." बाबा जवळजवळ तयार झाले होते. कारण भिंतींची ओल. दर पावसाळ्यात गिलाव्याचे पापुद्रे गळायचे.

ही ओल येते कुठून? चिरा असतो सच्छिद्र. जमिनीतलं पाणी त्यातून वर चढतं आणि आमच्या जोत्यात ते अडवणारा थरच नाही. पूर्वी हे पाणी चुन्याच्या गिलाव्यातून सुकून जायचं. पण 2019 मध्ये आम्हीच, हो आम्हीच, हौसेने आतून सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारला. पाण्याची वाट बंद! मग ते आणखी वर चढतं, त्यातले क्षार गिलाव्यामागे साठतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते गिलाव्याला ढकलून पाडतात. बग भिंतीत नव्हताच, आमच्या पॅचमध्ये होता.

मग सिमेंट खरवडलं, जोत्याला चिकटलेलं अंगणातलं काँक्रीट फोडलं, पाण्याला बाहेर उतार दिला आणि पुन्हा चुना लावला. चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. ती पाण्यात विरवून भिंतीवर लावली की हवेतून तोच वायू हळूहळू परत घेऊन घट्ट होते. सिमेंटच्या क्लिंकरला सुमारे 1450 अंश लागतात. अर्थात चुना म्हणजे शून्य प्रदूषण असं नाही हं, भट्टीत इंधन जळतंच. खरी बचत आहे ती उभी भिंत न पाडण्यात.

चुन्याला घाई मात्र चालत नाही. पातळ थर द्यायचा, तो ओलसर ठेवायचा, थांबायचं, मग पुढचा. आजी तोवर आत्याकडे राहिली आणि रोज फोन करून "झालं का रे?" असं बाबांना विचारायची.

नवी खोली जुन्या भिंतीवर टेकवली नाही. तिचा पाया वेगळा, मध्ये दोन बोटांची फट, वरून पत्र्याची पट्टी. जुना पाया केव्हाच बसलाय, नवा अजून बसणार. दोघांना बांधून टाकलं तर सांध्यात तडा ठरलेला. जुन्याच्या लगत त्याच्यापेक्षा खोल खणायचंही नाही. छपराला पडवीची उतरवलेली कौलं वापरली. बाथरूममध्ये मात्र मी सिमेंटच घेतलं, तिथे चुन्याचा हट्ट नको.

आजी गेल्या आठवड्यात परत आली. पाय अडकू नये म्हणून नव्या खोलीला उंबरा ठेवला नाही, त्यावर ती अजून नाराज आहे. "लक्ष्मी येणार कुठून?" म्हणते.