सौर पंख विमोचन यंत्रणा, लघुउपग्रहांतील
प्रक्षेपणाच्या वेळी उपग्रहाच्या अंगाशी मिटवून बांधलेले सौर पंख कक्षेत पोहोचल्यावर मोकळे करणाऱ्या साधनास विमोचन यंत्रणा म्हणतात. पंख न उघडल्यास उपग्रहास पुरेशी वीज मिळत नाही आणि दुरुस्तीही बहुधा शक्य नसते. १९८१ मध्ये सोडलेल्या ‘ॲपल’ या भारतीय प्रायोगिक संदेशवहन उपग्रहाचा एक सौर पंख उघडला नव्हता. तरीही तो दोन वर्षांहून अधिक काळ वापरता आला.

घनाकार लघुउपग्रहांचे (क्यूबसॅट) प्रमाण १९९९ पासून अमेरिकेत विकसित झाले. त्याच्या एका एककाची बाजू सु. १० सेंमी. असते. एका बाजूवर मावणाऱ्या सौर घटांपासून सूर्यकिरण लंब पडत असतानाही सु. २ ते २.५ वॉट एवढीच शक्ती मिळते. म्हणून उलगडणारे पंख वापरतात.

मोठ्या उपग्रहांत स्फोटक बोल्ट किंवा स्फोटचलित कातर वापरतात. त्यांचा धक्का तीव्र असतो व प्रत्यक्ष उड्डाणात जाणारा नग आधी चालवून पाहता येत नाही. लघुउपग्रहांत सामान्यतः तप्त तारेची यंत्रणा असते. पंख नायलॉनच्या किंवा उच्चबल पॉलिएथिलीनच्या दोऱ्याने बांधतात. दोऱ्यास टेकलेल्या नायक्रोम तारेतून विद्युत् प्रवाह सोडला म्हणजे ती तापून दोरा वितळतो व बिजागरीतील स्प्रिंग पंख उघडते. दुसऱ्या प्रकारात निकेल-टिटॅनियम या आकारस्मृती मिश्रधातूचा भाग तापवून खाच पाडलेला बोल्ट तोडतात. हा भाग पूर्ववत दाबून पुन्हा वापरता येतो.

तप्त तार यंत्रणा साधी असली, तरी तीत दोष उद्‌भवू शकतात. दीर्घ साठवणीत दोरा ताणला जाऊन सैल पडतो आणि तारेशी त्याचा संपर्क सुटतो. यासाठी तार स्प्रिंगने दोऱ्यावर दाबून ठेवतात. थंडीत घटमालेचा दाब उतरतो, म्हणून तारेस नियंत्रित प्रवाह पुरवितात. निर्वातात हवेमार्फत उष्णता वाहून जात नसल्याने तीच तार त्याच प्रवाहाने अधिक तापते व तुटूही शकते. त्यामुळे केवळ हवेत घेतलेली चाचणी फसवी ठरते; ती निर्वात कोठीत, तापमानाच्या दोन्ही टोकांस घ्यावी लागते.

विश्वसनीयतेसाठी एकाच दोऱ्यावर दोन स्वतंत्र तारा बसवितात. प्रत्येकीच्या अपयशाची संभाव्यता शंभरात एक असेल व अपयशे परस्परांवर अवलंबून नसतील, तर दोन्ही निकामी होण्याची संभाव्यता दहा हजारांत एक होते. याउलट, दोन दोरे बांधून प्रत्येकास एकच तार दिल्यास दोन्ही दोरे तुटणे आवश्यक ठरते व धोका जवळजवळ दुप्पट होतो. दोरा तुटल्यावरही बिजागरीचे घर्षण व गारठलेल्या विद्युत् तारांचा ताठरपणा यांवर मात करण्याइतके बल स्प्रिंगमध्ये असावे लागते.

पंख उघडल्याची सूचना लहान कळीद्वारे भूकेंद्रास मिळते. ती न आल्यास आज्ञा पुन्हा देता येते.