निमाडचा गोतावळा, लेखांक ६ : मोठ्या घरातली धाकटी

बऱ्हाणपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी अशीरगड मागे टाकून तासाभरात खंडव्याला पोचते. २००३ मध्ये बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला. त्याआधी ही दोन्ही गावं एकाच पूर्व निमाड जिल्ह्यात होती. खंडव्याचे वकील कुंजलाल गांगुली यांचं घर आपण मागच्या लेखांकात पाहिलं. त्यांचे मुलगे अशोककुमार आणि किशोरकुमार सर्वांना ठाऊक आहेत. मुलगी सतीदेवी मात्र कुणाच्या फारशा बोलण्यात नसतात. त्या निर्माते शशधर मुखर्जी यांच्या पत्नी. त्यांचे चिरंजीव शोमू यांच्याशी १९७३ मध्ये लग्न होऊन एक मराठी अभिनेत्री या गोतावळ्यात सून म्हणून आली. ती तनुजा.

खरं तर सासरची ओळख पडद्यावर आधीच झाली होती. ‘ज्वेल थीफ’मध्ये (१९६७) अशोककुमार होते आणि ‘दूर का राही’मध्ये (१९७१) अशोककुमार-किशोरकुमार दोघेही. हेच पुढे तनुजांचे मामेसासरे झाले.

माहेरही तोलामोलाचं होतं. आजी रतनबाई अभिनेत्री, वडील कुमारसेन समर्थ दिग्दर्शक. आई शोभना समर्थ म्हणजे १९४३ च्या ‘रामराज्य’मधली सीता. थोरली बहीण नूतन. आईनेच काढलेल्या ‘हमारी बेटी’त (१९५०) नूतन नायिका झाल्या आणि सात वर्षांनी धाकट्या तनुजा बालकलाकार म्हणून दिसल्या. दहा वर्षांनी ‘छबिली’ आला, त्याचं दिग्दर्शनही आईचंच.

इथवर सगळं घरचं होतं. घराबाहेरची परीक्षा झाली केदार शर्मांच्या ‘हमारी याद आएगी’च्या (१९६१) वेळी. रडण्याचा प्रसंग होता आणि तनुजांना हसू आवरेना. शर्मांनी थोबाडीत मारली. मुलगी तणतणत घरी आली, तर आईनेही एक ठेवून दिली आणि हाताला धरून सेटवर परत नेलं. ही हकीकत तनुजांनीच पुढे सांगितली आहे. मारण्याचं समर्थन आज कुणी करणार नाही, करूही नये. पण समर्थांच्या घरात काम हे काम होतं आणि त्यात मुलगी म्हणून सूट नव्हती, हे त्यातून कळतं. घराण्याची खरी शिदोरी हीच, असं मला वाटतं.

नूतन यांच्या अभिनयात संयम होता, एक आतली वेदना होती. ती वाट तनुजांनी धरली नाही. त्यांचा सूर मोकळा, खट्याळ, नजर थेट भिडणारी. समर्थांचं नाव जिथे आपोआप दार उघडणार नव्हतं, त्या बंगाली चित्रसृष्टीतही त्या गेल्या. ‘देया नेया’ (१९६३) आणि ‘अँटनी फिरिंगी’ (१९६७) या चित्रपटांत त्या उत्तमकुमारांसमोर उभ्या राहिल्या, ‘तीन भुवनेर पारे’मध्ये (१९६९) सौमित्र चटर्जींसमोर. परभाषेतले संवाद त्यांनी स्वतःच्या आवाजात म्हटले. आजही अनेक बंगाली प्रेक्षक त्यांना आपलीच मानतात.

हिंदीत ‘पैसा या प्यार’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. पण त्यांचं मोठेपण पाहायचं असेल तर बासू भट्टाचार्यांचा ‘अनुभव’ (१९७१) पाहावा. नवरा संपादक, सदा कामात बुडालेला. घरात नोकरचाकर भरपूर, फक्त दोघांना एकमेकांसाठी वेळ नाही. एक दिवस ती नोकरांना रजा देते आणि संसार स्वतःच्या हाती घेते. संजीवकुमारांसमोर तनुजा हे सारं कुठेही आवाज न चढवता उभं करतात.

मराठीत त्या थोड्याच वेळा आल्या. १९८० मध्ये डॉ. श्रीराम लागूंच्या ‘झाकोळ’मध्ये आणि २०१३ मध्ये नितीश भारद्वाज यांच्या ‘पितृऋण’मध्ये. ‘पितृऋण’मधल्या आईसाठी सत्तरीला टेकलेल्या तनुजांनी डोक्यावरचे केस उतरवले. शोभनाबाई जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. हाताला धरून सेटवर नेणारं आता कुणी नव्हतं, आणि त्याची गरजही उरली नव्हती.

(पुढील आठवड्यात : शशधर मुखर्जी आणि गोरेगावचा फिल्मिस्तान)