बंद पाकिटातला आकडा: घरासाठी ऑफर किती द्यावी?

समजा, एडिनबरामधला एक दोन बेडरूमचा फ्लॅट तुम्हाला आवडला आहे. जाहिरातीत लिहिलंय, 'ऑफर्स ओव्हर २ लाख ८० हजार पौंड'. होम रिपोर्टमध्ये सर्व्हेअरने किंमत धरली आहे ३ लाख. क्लोजिंग डेट शुक्रवारी दुपारी १२ ची. त्याआधी तुमच्या सॉलिसिटरने एक आकडा कळवायचा. बाकीच्यांचे आकडे तुम्हाला कळणार नाहीत, तुमचा त्यांना कळणार नाही, आणि आकडा सुधारण्याची संधी सहसा मिळत नाही. किती लिहाल?

आपण घासाघीस बघत वाढलेली माणसं. पण घासाघीस करताना समोरच्याचा चेहरा दिसतो, दोन पावलं निघून जाण्याचं नाटक करता येतं. इथे तशी सोय नाही. आपल्याकडचं जवळचं उदाहरण द्यायचं तर वाशीच्या बाजार समितीत रुमालाखाली बोटं दाबून ठरणारे आंब्याचे भाव. शेजारच्या व्यापाऱ्याने किती दिले ते तिथेही दिसत नसे. फरक इतकाच, की आंब्याची पेटी महाग पडली तर एक दिवस वाईट जातो. घर महाग पडलं तर पुढची पंचवीस वर्षं हप्ते भरायचे असतात.

सुदैवाने या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांनी साठ वर्षं डोकं लावलं आहे. त्यातला आपल्या कामाचा भाग बघू.

एकाच घराच्या दोन किमती

लिलावाच्या सिद्धांतात वस्तूच्या किमतीचे दोन प्रकार मानतात. पहिली खाजगी किंमत. घरापासून तुमचं हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, मुलीची शाळा बदलावी लागणार नाही, स्वयंपाकघरात दुपारचं ऊन येतं. याचं मोल तुमच्यासाठी आहे. दुसऱ्या कुणाला त्याची किंमत शून्य असू शकते. दुसरी सामाईक किंमत. छप्पर किती वर्षं टिकेल, भिंतीत ओल आहे का, उद्या विकायला काढलं तर बाजारात काय येईल. हे उत्तर सगळ्यांसाठी एकच आहे, फक्त ते आज कुणालाच नक्की माहीत नाही. प्रत्येकजण अंदाज करतो.

घरात या दोन्ही किमती मिसळलेल्या असतात, आणि गंमत अशी, की स्पर्धक वाढले की त्या दोन उलट दिशांना ओढतात.

खाजगी किमतीचं गणित आधी. घर तुमच्यासाठी नेमकं जेवढ्याचं आहे तेवढीच बोली लावली, तर जिंकूनही हाती काही उरत नाही. म्हणून थोडं कमी लिहायचं. किती कमी? समजा, सगळ्या इच्छुकांच्या मनातल्या किमती एका पट्ट्यात सारख्या विखुरलेल्या आहेत. मग उत्तर सुटसुटीत आहे: पट्ट्याच्या तळापासून तुमच्या किमतीपर्यंतचं अंतर घ्या. दोघे बोली लावणारे असतील तर त्याच्या निम्म्यापर्यंत जा, तिघे असतील तर दोन तृतीयांश, पाच असतील तर चार पंचमांश. स्पर्धा वाढली की आपल्या कमाल किमतीच्या जवळ सरकायचं. इथवर सगळं आपल्या अंतःप्रेरणेशी जुळतं.

विजेत्याचा शाप

सामाईक किमतीची गोष्ट उलटी आहे, आणि ती सगळ्यात आधी तेलवाल्यांच्या लक्षात आली. मेक्सिकोच्या आखातात समुद्रतळाचे पट्टे बंद बोलीने विकले जात. १९७१ मध्ये अटलांटिक रिचफिल्ड कंपनीच्या केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी लिहिलं, की हे पट्टे जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा फार कमी परतावा मिळतो आहे. कारण साधं होतं. तळाशी तेल किती, याचा प्रत्येक कंपनीचा अंदाज थोडाफार चुकतो. कुणाचा वर, कुणाचा खाली. सरासरी ठीक असते. पण पट्टा सरासरीवाल्याला मिळत नाही, ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त फुगलेला असतो त्याला मिळतो. यालाच 'विजेत्याचा शाप' म्हणतात.

१९८३ मध्ये बेझरमन आणि सॅम्युएलसन यांनी हाच प्रयोग एमबीएच्या विद्यार्थ्यांवर केला. बरणीत ८ डॉलरची नाणी भरून तिचा बंद बोलीने लिलाव केला. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज होता ५.१३ डॉलर, म्हणजे वर्ग एकंदरीत सावधच होता. तरीही जिंकणारी बोली सरासरी १०.०१ डॉलर निघाली!

मी कामाच्या निमित्ताने जनुकीय विदेत रमते. आमच्याकडेही हा शाप याच नावाने ओळखला जातो. लाखो जनुकीय खुणा चाळून त्यातली सगळ्यात ठळक दिसणारी उचलली, की तिचा परिणाम जवळजवळ नेहमीच फुगलेला असतो. दुसऱ्या नमुन्यात तपासला की तो आक्रसतो. ती खूण निवडलीच मुळी ठळक दिसली म्हणून, आणि त्या ठळकपणात नशिबाचाही वाटा असतो. घराची बोली जिंकणाराही असाच निवडला जातो.

हा फुगवटा मोजता येतो. समजा, अंदाजातल्या चुका नेहमीच्या घंटाकृती वक्राने पसरलेल्या आहेत. मग दोन जणांमधला मोठा अंदाज खऱ्या किमतीच्या सरासरी ०.५६ प्रमाण विचलन वर असतो. तिघांमधला सर्वात मोठा ०.८५, पाचांमधला १.१६ आणि दहांमधला १.५४. ३ लाखांच्या घराबाबत लोकांच्या अंदाजात ५ टक्क्यांचं, म्हणजे १५ हजार पौंडांचं विचलन असेल, तर पाच जणांतला सगळ्यात आशावादी माणूस सरासरी १७ हजारांहून थोडं जास्त चुकलेला असतो. स्पर्धक जितके जास्त, तितकी जिंकणाऱ्याची चूक मोठी. म्हणून सामाईक किमतीच्या बाबतीत गर्दी दिसली की स्वतःचा अंदाज खाली आणायचा.

होम रिपोर्ट कशासाठी?

फुगवटा कमी करायचा एक उपाय आहे: सगळ्यांना सारखी माहिती देणं. पॉल मिलग्रॉम आणि रॉबर्ट वेबर यांनी १९८२ मध्ये दाखवलं, की विकणाऱ्याने भरवशाची माहिती जाहीर केली तर बोली लावणारे कमी धास्तावतात, आणि सरासरीने विकणाऱ्याचाच फायदा होतो. (मिलग्रॉम आणि रॉबर्ट विल्सन यांना लिलावांवरच्या कामासाठी २०२० चं नोबेल मिळालं. दोघं एकाच रस्त्यावर समोरासमोर राहतात. बातमी सांगायला विल्सन यांनी मध्यरात्री रस्ता ओलांडून मिलग्रॉम यांची बेल वाजवली होती.)

स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून घर विकायला काढताना बहुतेकांना होम रिपोर्ट द्यावाच लागतो. त्यात सर्व्हेअरची पाहणी आणि मूल्यांकन, ऊर्जेचा अहवाल आणि मालकाने भरलेली प्रश्नावली असते. दुरुस्तीच्या बाबींना १ ते ३ श्रेणी दिलेली असते. ३ म्हणजे तातडीचं काम. घर बघायला जायच्या आधी हे पान वाचा. २ आणि ३ श्रेणीच्या प्रत्येक ओळीसमोर खर्चाचा अंदाज लिहिला, की सामाईक किमतीतलं बरंच धुकं विरतं.

जाहिरातीतल्या आकड्याचं काय?

'ऑफर्स ओव्हर'चा आकडा बऱ्याचदा मुद्दाम मूल्यांकनाच्या खाली ठेवलेला असतो, गर्दी जमावी म्हणून. पण डोक्यात शिरलेला आकडा सहज निघत नाही. १९८७ मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात विद्यार्थी आणि व्यावसायिक एजंट अशा दोघांना खरी घरं दाखवली. घर तेच, माहिती तीच. फक्त छापलेली मागणीची किंमत वेगवेगळी. दोन्ही गटांचे अंदाज त्या छापील किमतीकडे झुकले. व्यावसायिकांपैकी फार थोड्यांनी ते मान्य केलं. म्हणून जाहिरातीपेक्षा त्याच रस्त्यावरच्या गेल्या वर्षभरातल्या विक्रीच्या किमती बघा. त्या रजिस्टर्स ऑफ स्कॉटलंडकडे नोंदलेल्या असतात.

आता आकडा काढू

आपल्या फ्लॅटवर आणखी चौघांची 'नोट ऑफ इंटरेस्ट' आहे, म्हणजे तुम्ही धरून पाच. (सगळे बोली लावतीलच असं नाही.)

एक: शेजारच्या विक्रीवरून तुमचा बाजारभावाचा अंदाज ३ लाख १० हजार. होम रिपोर्टमुळे चुकीचं विचलन ६ हजारांवर आलं असं धरा. पाच जणांसाठी १.१६ ने गुणून साधारण ७ हजार वजा करा. राहिले ३ लाख ३ हजार.

दोन: शाळा, हॉस्पिटल, ऊन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी असलेलं मोल. समजा १५ हजार. बेरीज ३ लाख १८ हजार. ही तुमची कमाल मर्यादा.

तीन: इतर गंभीर इच्छुक २ लाख ९८ हजारांच्या खाली जाणार नाहीत असं वाटतं. मधलं अंतर २० हजार, त्याचे चार पंचमांश १६ हजार. बोली ३ लाख १४ हजार. बरोबरी टाळायला वर २७० पौंड टाका, इथे सगळेच टाकतात.

हे काटेकोर मॉडेल नाही. दोन शुद्ध टोकांची गणितं मी एकावर एक रचली आहेत. तुमचे आकडे वेगळे येतील. उपयोग हा, की 'स्पर्धा आहे, वाढवूया' असं कुणी म्हटलं की विचारता येतं: नेमका कोणता भाग वाढवायचा?

चार: पैसे मोजा. बँक कर्ज देते ते मूल्यांकनावर, तुमच्या बोलीवर नाही. १० टक्के डिपॉझिट धरलं तर कर्ज ३ लाखांच्या ९० टक्के, म्हणजे २ लाख ७० हजार. वरचे सगळे रोख: ३० हजार आणि १४ हजार, एकूण ४४ हजार. शिवाय सध्याच्या दराने सुमारे ५,३०० पौंड कर (पहिलंच घर असेल तर थोडी सवलत) आणि सॉलिसिटरची फी. मूल्यांकनावरचा प्रत्येक पौंड हा तुमच्या बचतीतला पौंड आहे.

इंग्लंडात, अमेरिकेत?

इंग्लंडात ऑफर स्वीकारल्यावरही कागदपत्रांची अदलाबदल होईपर्यंत दुसरा कुणी जास्त देऊन घर पळवू शकतो, आणि सर्व्हे साधारणपणे आपल्याच खर्चाने करावा लागतो. तिथे चुकीचं विचलन मोठं धरा. अमेरिकेत काहीजण 'दुसऱ्या ऑफरपेक्षा हजार डॉलर जास्त, अमुक मर्यादेपर्यंत' असं कलम घालतात. ही कल्पना विल्यम विक्री यांच्या १९६१ च्या लिलावाच्या जवळची आहे: सर्वात मोठी बोली जिंकते, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच द्यायचे. अशा लिलावात खाजगी किंमत खरी सांगणं हाच शहाणपणा ठरतो. पण विक्री यांच्या लिलावात तुमचा आकडा बघून कुणी भाव वाढवत नाही. या कलमात तुमची मर्यादा विकणाऱ्याला दिसते. आणि घर नक्की मिळावं म्हणून इन्स्पेक्शनची अट सोडू नका. तिथे तुम्ही किंमत वाढवत नसता, स्वतःचं अज्ञान वाढवत असता.

सगळ्यात मोठा धोका मात्र तीन-चार घरं हातची गेल्यावर येतो. तोवर भाड्याच्या घराची मुदत संपत आलेली असते, भारतातून आईबाबा दर रविवारी फोनवर विचारत असतात, 'काय झालं घराचं?' आणि मग पुढच्या घरावर वीस हजार जास्त लिहिले जातात. आधीच्या हरलेल्या बोलींनी या घराचं छप्पर सुधारत नाही. बाजार वर गेल्याचं त्यातून दिसत असेल तर पहिल्या पायरीचा अंदाज बदला. फक्त थकवा आला असेल तर काहीच बदलू नका. म्हणून कमाल मर्यादा घर दुसऱ्यांदा बघायला जायच्या आधी कागदावर लिहा, दोघांनी त्यावर सही करा, आणि शुक्रवारी सकाळी सॉलिसिटरला फोन करताना तो कागद समोर ठेवा.