वसईच्या वाडीत आठ दिवस

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरोघरी करंज्यांचे सारण भाजले जात असेल. गेल्या डिसेंबरात मीही करंज्या केल्या. पण त्या दिवाळीच्या नव्हेत, नाताळाच्या!

शाळेत माझ्याबरोबर वीस वर्षे शिकवणाऱ्या एक बाई वसईच्या, सामवेदी ख्रिस्ती. "नाताळ सगळेच पाहतात हो. तुम्ही त्याच्या आधीचा आठवडा पाहायला या," असे त्या दर वर्षी म्हणत आणि मी दर वर्षी टाळी. अखेर दोघीही निवृत्त झालो तेव्हा सबबी संपल्या. १६ डिसेंबरला दादरला विरार गाडीत शिरले (शिरले म्हणजे ढकलले गेले) आणि वसई रोडला उतरून बसने समुद्राच्या बाजूला निघाले. उंच इमारतींच्या रांगा मागे पडल्या आणि एका वळणावर एकदम केळी लागल्या.

वाडी म्हणजे काय, हे शहरी वाचकांना सांगायला हवे. मधोमध घर, दोन विहिरी, केळीची बाग, तिच्या आडोशाला पानवेल, कडेने नारळ, अंगणात कोंबड्या आणि परसात एक म्हैस. घरातल्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या. लाल लुगडे नेसलेल्या, ताठ. त्या आपसात कादोडी बोलत. मला निम्मे कळे, निम्मे त्यांच्या चेहऱ्यावरून वाचावे लागे. पण प्रार्थना मराठीत, भांडणे मराठीत, हिशेबही मराठीत. पोर्तुगीज इथे १५३४ साली आले आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर गेले. मागे ठेवून गेले धर्म आणि काही शब्द. आपण बिनदिक्कत वापरतो तो 'नाताळ' हा शब्दही त्यांचाच, पावाप्रमाणे. आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्याच वसईचे.

पोचले त्याच संध्याकाळी आजींनी मला कामाला लावले. पत्र्याच्या पसरट डब्यांतून माती भरायची आणि तिच्यात नाचणी पेरायची. चोवीस तारखेला गोठ्याचा देखावा मांडतात, त्यात बाळ येशूभोवती हिरवे शेत हवे, ते ह्या डब्यांतून आणायचे. मला हसू आले. आम्ही घटाला धान्य पेरतो ते नऊ दिवसांच्या हिशेबाने, यांचे आठ! नातवंडांना पाणी घालायची वाटणी झाली. थोरल्या नातवाने दोन डबे घेतले, धाकटीने दोन.

दिवस कसे गेले कळले नाही. पहाटे धुके, म्हशीची धार, मग चुलीशी बसणे. नारळाच्या दुधात भिजवलेल्या मैद्याच्या गोळ्या कोऱ्या फणीवर दाबून वळायच्या, की अंगावर रेघा उमटलेले शिंपले होतात. त्या कलकला. तळून साखरेत घोळवतात. माझ्या शिंपल्यांच्या गोगलगाई झाल्या, हे धाकटीने मोठ्याने जाहीर केले. करंज्यांत मात्र मी माझी अब्रू राखली. वर पत्र्यावर सोललेली राजेळी केळी सुकेळ्यांसाठी वाळत पडलेली. त्यांची राखण म्हातारी कोंबड्यांशी भांडत करी. रात्री जेवणानंतर कामट्यांची चांदणी बांधायची. सांगाडा अगदी आपल्या आकाशकंदिलाच्या जातीचा. खळ तीच, पतंगी कागद तोच.

एकवीस तारखेला धाकटा दीर मुंबईहून आला आणि घरातला आवाज खाली गेला. बाईंनी मला नंतर सांगितले. रस्त्यालगतच्या तुकड्याला गिऱ्हाईक आले होते. थोरल्याला विकायचे नव्हते, धाकट्याला विकायचे होते. आणि धाकट्याचे म्हणणे खोटेही नव्हते. समुद्राकडची विहीर खारी झाली होती. १९८० नंतर वसईत इमारती उठू लागल्या, त्यांना पाणी हवे झाले, आणि विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. किनाऱ्याच्या जमिनीतले गोडे पाणी उपसले, की त्याची जागा घ्यायला खारे पाणी आत सरकते. त्याविरुद्ध 'हरित वसई'चे आंदोलन झाले, दिब्रिटो त्यात पुढे होते. पण सरकलेले मीठ काही मोर्चाला भिऊन परत जात नाही. त्या बाजूच्या केळींच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झालेल्या मी स्वतः पाहिल्या.

आजींचा हुकूम एवढाच होता : "सण होईस्तोवर कुणी बोलायचं नाही."

कुणी बोलले नाही. पण बावीस तारखेला नाचणी बोलली. धाकटीच्या डब्यांत बोटभर हिरवेगार रान उभे, आणि थोरल्याच्या डब्यांत इकडेतिकडे चार पिवळट काड्या! पोर रडवेले झाले. चौकशीअंती कळले, की लांब जायचा कंटाळा म्हणून तो समुद्राकडच्या विहिरीचे पाणी घालीत होता. कुणी रागावले नाही. धाकटा दीर ते डबे हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. थोरला म्हणाला, "बघितलंस ना?" धाकटा म्हणाला, "म्हणूनच तर म्हणतो मी." एकाच डब्यात दोघांना आपापला पुरावा सापडला! आजींनी दोघांकडे पाहिले आणि उरलेली हिरवळ कात्रीने दोन भागांत करून थोरल्या नातवापुढे ठेवली.

चोवीस तारखेला दुपारी घर सारवल्यासारखे शांत होते. गोठा मांडून झाला होता, गव्हाणी रिकामी. बाळ मध्यरात्री ठेवायचे. मी ओटीवर बसले होते. धाकटा दीर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, फावडे घेऊन केळीत शिरला. गोड्या विहिरीपासून येणाऱ्या पाटाचा बांध एके ठिकाणी फुटून पाणी वाया जात होते. तो त्याने चिखल थापून बुजवला, पाट पुढे थेट भाजक्या पानांच्या केळीपर्यंत खणून नेला. घटकाभराने थोरला आला, दुसरे फावडे घेऊन. दोघे एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. आजी जपमाळ ओढीत खिडकीतून पाहत होत्या. मी काही विचारले नाही.

रात्री घंटा झाली. चांदणी पेटवून आम्ही सगळी देवळाकडे निघालो, आजी सर्वांच्या पुढे.

गेल्या आठवड्यात बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "फराळाचा डबा पाठवा, आणि डिसेंबरात लवकर या. पाट आता पार कुंपणापर्यंत गेलाय. आणि नाचणीला पाणी घालायचं काम या वर्षी दिरांनी स्वतःकडे घेतलंय."