दादांची घाटकोपरची खोली

सभासद बंधूंनो, गळीत संपले, खोडव्याचे पाचट सरीत दाबून झाले, पाण्याची एक पाळी दिली, की आपल्यापैकी बरेच जण आठ-पंधरा दिवस मुंबईची वाट धरतात. कुणाचा भाऊ तिकडे, कुणाचा मेव्हणा. पूर्वी नुसता पाहुणचार असे. हल्ली "येतोच आहेस तर घराचं तेवढं काम उरकून दे" असा निरोप आधी येतो. यंदा आम्हीही घाटकोपरला पंतनगरात थोरल्या बंधूंकडे बारा दिवस राहिलो. त्यातले इतरांच्या उपयोगी पडेल ते येथे देत आहोत.

दादांच्या घरी तीन कामे अर्धवट होती. मोरीची फरशी उखडलेली, ओटा निम्माच झालेला, पोटमाळ्याला शिडी नाही. ठेकेदार उचल घेऊन गेला तो गेलाच. त्यात दादांच्या मनात चौथे काम, बाहेरच्या खोलीला नवी फरशी! आम्ही म्हटले, "दादा, आधी नांग्या भरू, मग नवीन सरी पाडू." वहिनींना ते लगेच पटले.

मोरी पहिली घेतली, कारण गळती खालच्या बिऱ्हाडात जात होती. जुना थर काढून कोबा केला, जाळीकडे उतार धरला, आणि फरशी बसवण्याआधी जाळीला बोळा घालून मोरीत पाणी भरून ठेवले. पुरे चोवीस तास. खालच्यांच्या छताला ओल आली नाही, तेव्हाच गवंड्याला पुढे जाऊ दिले. ही परीक्षा टाळून घाई केली तर पावसाळ्यात पुन्हा सगळे फोडावे लागते. मुंबईत जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून काय कोसळतो ते सांगायला नको.

बाहेरच्या खोलीची जुनी फरशी तशीच ठेवून वर नवी बसवू, असे गवंडी म्हणत होता. आम्ही हिशेब मांडला. शंभर चौरस फुटांवर एक इंच सिमेंट-वाळूचा थर म्हणजे साडेचार क्विंटलांहून जास्त वजन, फरशी वेगळीच. हा बोजा खालच्या स्लॅबने कायमचा वाहायचा. ते काम तूर्त राहू दिले.

खरी कसोटी पुढेच होती. स्वयंपाकघरात एक खांब चार बोटे पुढे आलेला, त्यामुळे फ्रीज बसेना. दादा म्हणाले, "गावाकडं भिंतीत कोनाडा पाडतोस, तसा हा जरा तासून घे." गवंडी छिन्नी घेऊन तयारच! आम्ही त्याचा हात धरला. गावची भिंत आपली, तिच्यावर आपलेच छप्पर. इथे एका खांबावर वरच्या सगळ्या मजल्यांची बिऱ्हाडे उभी असतात, आणि आतल्या लोखंडाला धक्का लागला तर वरून गिलावा करून तो भरून निघत नाही. जुन्या वीटकामाच्या इमारतीत तर भिंतच भार पेलते, म्हणून तिथे भिंतीलाही विचारल्याशिवाय हात लावू नये.

याच घाटकोपरात, पश्चिमेला, 25 जुलै 2017 रोजी सिद्धी साई ही चार मजली इमारत सकाळच्या वेळी कोसळली. सतरा माणसे गेली. तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि त्यात खांबांना हात लावला गेला, असे रहिवाशांनी तेव्हा सांगितले. वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी काय केले होते? ही गोष्ट दादांनाही माहीत होती, पण आपल्या घरातला खांब आणि तो खांब एकच, हे मनात येत नाही. थोडा वेळ ते रुसले. आम्ही सोसायटीच्या चिटणीसांना भेटून इमारतींचा अभियंता बोलावला. त्याने खांब पाहून स्पष्ट "नाही" म्हटले, आणि खिडकीवर ओल धरलेला एक तुळईचा भागही दाखवला. त्याचे काम आता सोसायटी करणार आहे. फ्रीज गॅलरीच्या दाराशी गेला.

तेव्हा कुणी भावाच्या मदतीला निघाला असेल तर सोसायटीला लेखी कळवूनच कामाला लागावे. सिमेंट लागेल तसेच आणावे, मुंबईच्या दमट हवेत पोती लवकर गोळा होतात. राबिट नाल्यात टाकू नये.

ओटा पुरा झाला. शिडी तेवढी राहिली. तिचे माप घेऊन आलो आहोत. अडसालीची लागण उरकली की गावच्या सुताराकडून करवून एस.टी.ने पाठवू.